पलीकडच्या खोलीत ऐकू आलं का?

सिनेमातला मारेकरी पिस्तुलाच्या तोंडाला एक नळकांडं फिरवून बसवतो, गोळी झाडतो, आणि सोड्याची बाटली उघडावी एवढाच आवाज होतो. शेजारच्या खोलीत बायको भाजी चिरत असते, तिला पत्ताच नाही. हे साफ खोटं आहे. सरकारी प्रयोगशाळेच्या बंदूक विभागात मी पंचवीसेक वर्षं आया म्हणून काढली, म्हणून एवढ्या ठामपणे सांगते. प्रयोगशाळेचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून नोकरीत आहेत, आणि मी जे सांगणार आहे ते माझ्याच चुकीचं आहे.

चौथी पास बाई बंदुकांत कशी गेली, असं आमच्या मराठी मंडळातल्या मुली विचारतात. नवरा विट्याकडचा, गलाईवाला, म्हणजे सोनं आटवून शुद्ध करणारा. इथे दक्षिणेत, साहुकारपेटेत, आमच्याकडची पुष्कळ माणसं हेच करतात. अॅसिडच्या धुरानं त्याची छाती गेली आणि मागोमाग तोही गेला. कुणीतरी सांगितलं, सरकारी जागेत झाडूवाली पाहिजे. गेले. झाडताना एक दिवस साहेबांना पार्सल शिवायला माणूस मिळेना. मी शिवून दिलं. टाके बघून ते म्हणाले, "झाडू ठेव, सुई धर."

आमचं काम असं. पोलिसांनी पकडलेलं हत्यार कापडात शिवून, गाठींवर लाखेची मोहर मारून आमच्याकडे येतं. आधी मोहर तपासायची, मगच टाके उसवायचे. मग ते हत्यार आमच्याच फायरिंगच्या खोलीत झाडून बघायचं. गोळी भिंतीत मारत नाहीत. कापसानं ठासून भरलेली माणसाएवढी लांब लाकडी पेटी असते, तिच्यात मारतात. नंतर कापूस उपसून गोळी शोधायची, हे माझं काम. तांदळातले खडे निवडलेल्या हाताला ते जड नाही. प्रत्येक नळी गोळीवर आपापले ओरखडे उठवते. मेलेल्याच्या अंगातली गोळी आणि आमची कापसातली गोळी मायक्रोस्कोपखाली शेजारी ठेवली, की एकाच नळीतून आल्या की नाही ते साहेबांना कळतं. सगळं झालं की पुन्हा शिवायचं, पुन्हा लाख. माझ्या टाक्यावर कोर्टात एकदाही कुणी बोट ठेवलं नाही. हे मी अभिमानानं सांगते, सांगू द्या.

पार्सलांत काय काय आलं! एका ठाण्यात लाख संपली म्हणून हवालदारानं वाढदिवसाच्या मेणबत्तीची मोहर मारली होती, गुलाबी. जमीनदाराच्या जुन्या बंदुकीच्या नळीत गांधीलमाशांचं घर निघालं, आणि ती 'काल वापरलेली' म्हणून जप्त केली होती. एकदा 'संशयित सायलेन्सर' अशी चिठ्ठी लावलेलं पार्सल मी उसवलं तर आत नादस्वराचा, म्हणजे इकडच्या लांब सनईचा, खालचा भाग, तो फुलासारखा उघडलेला. आवाज मोठा करायची वस्तू. आमचे मोठे साहेब कदिरवेल सार इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. रिपोर्टात त्यांनी लिहिलं, "ही वस्तू आवाज कमी करीत नाही," आणि खाली सही.

खरे सायलेन्सरही यायचे, पण कमी. बहुतेक गावठी, कुठल्यातरी लेथवर कुणीतरी जमवलेले. ते आतून कसे असतात हे मला ठाऊक आहे आणि मी लिहिणार नाही. मंडळाच्या या अंकात चकलीची कृती आहे, ती वाचा. फरक तेवढा सांगते, कारण लोकांना वाटतं घरी केलेला आणि कारखान्यात केलेला यांत फक्त पॉलिशचा फरक असतो.

कदिरवेल सारांनी मला तो कुकरवरून समजावला होता. कुकरचं झाकण एकदम उडालं तर धडाका होतो. वाफ हळूहळू सुटली तर नुसतं फुसफुसतं. गोळीमागून तापलेला वायू असाच उडतो. सायलेन्सर फक्त तेवढ्याला आवर घालतो. पण हवा कापत जाणारी गोळी स्वतः कडाडते, त्याला तो काही करू शकत नाही. पिस्तुलाच्या लोखंडाची खटखट राहतेच. म्हणून कारखान्यातला उत्तम सायलेन्सरसुद्धा मुका नसतो. तो फार तर आवाज इतका खाली आणतो की झाडणाऱ्याचे कान वाचतात. तो एका ठरावीक हत्यारासाठी केलेला असतो, सुतासारखा सरळ, त्याच्यावर नंबर असतो, त्याची निगा ठेवणारा माणूस असतो. गावठी कशासाठीच नीट केलेला नसतो. थोडा वाकडा असला तरी गोळी जाता जाता त्याला घासते. दोनचार बारांत त्याचा जीव जातो, आणि कधी कधी झाडणाऱ्याचाही. एक पार्सल आलं होतं त्याचा मालक तीन बोटं घालवून दवाखान्यातच पकडला गेला होता. माझं मत विचाराल तर गावठी सायलेन्सर हा गुन्हेगारापेक्षा पोलिसांच्या जास्त उपयोगाचा.

आता माझे कान.

फायरिंगच्या वेळी कानांवर घालायला जाड टोप्या असतात. मलाही दिली होती. माझा अंबाडा मोठा, टोपी सारखी घसरायची. अंबाडा सोडायचा की टोपी, यात मी टोपी सोडली आणि पेटीतला कापूस कानांत कोंबत राहिले. साहेब ओरडायचे, मी हो म्हणायची. दोष कुणाचा नाही, माझ्या केसांचा. नोकरीची शेवटची पाच वर्षं राहिली तेव्हा कुजबुज ऐकू येईनाशी झाली, मग बोलणं अर्धं, बाकीचं मी समोरच्याचे ओठ बघून ओळखायची. नुसत्या कट्ट्याचा, म्हणजे गावठी पिस्तुलाचा, बार छातीत बसायचा, तो कळायचा. त्याहून थोडं खालचं काही असलं की माझ्यासाठी जग बंद. कुणाला सांगितलं नाही. कानानं अधू झाली म्हणून घरी बसवतील ही भीती. घरी मी एकटी. भिंतीकडे बघत बसून काय करू?

आणि कदिरवेल सारांची एक पद्धत होती. आवाज मोजायचं यंत्र एकच, ते फायरिंगच्या खोलीत असायचं. पण कोर्टात जज्जाला आकडे कळत नाहीत, तो विचारतो पलीकडे बसलेल्या माणसाला ऐकू आलं असतं की नाही. म्हणून सायलेन्सरची चाचणी असली की सार मला मधली दोन दारं ओलांडून पॅन्ट्रीत उभं करायचे. बार झाला की दार उघडून विचारायचे, "आयाम्मा, केट्टुदा?" म्हणजे ऐकू आलं का. मी सांगेन ते ते टिपणाच्या वहीत लिहायचे.

कान गेल्यावरही मी बरोबर उत्तर देत होते. कसं? पॅन्ट्रीत लोखंडी मांडणी होती, तिच्यावर चहाचे स्टीलचे टंबलर. पलीकडे बार झाला की ते थरथरायचे. मी त्यांच्यावर तळहात ठेवून उभी राहायची. हाताला कळलं की "आमा सार", हो साहेब. नाही कळलं की "इल्लै". तीन वर्षं माझ्या जागी टंबलर साक्ष देत होते, आणि सारांना वाटत होतं, म्हातारीचे कान काय तल्लख आहेत!

मग ते गुम्मिडिपूंडी गावचं प्रकरण आलं. एका जमीन-दलालाला भर दुपारी त्याच्याच घरात गोळी घातलेली. बायको शेजारच्या खोलीत होती. ती म्हणाली, मी काहीच ऐकलं नाही. पोलीस म्हणाले, म्हणजे सायलेन्सर वापरला. शोधता शोधता गिंडीच्या एका लेथवाल्याकडे तसलं नळकांडं सापडलं. त्याचं नाव सेल्वम. तो म्हणाला, एका गिऱ्हाइकानं हवेच्या कंप्रेसरसाठी म्हणून करून घेतलं, घेऊन जायला आलाच नाही. पोलिसांनी त्याला खुनाच्या कटात घातला. आम्हाला सरळ प्रश्न आला: हे लावून गोळी झाडली तर पलीकडच्या खोलीत ऐकू येईल का? ऐकू येत नाही म्हटलं तर बायको खरी आणि सेल्वम आत. ऐकू येतं म्हटलं तर बायको खोटी.

पार्सल घेऊन आलेला हवालदार चाचणी होईपर्यंत लांब पुढच्या पडवीत बसून होता. तुलनेसाठी सारांनी एका सशस्त्र दलाच्या शस्त्रागारातून कारखान्यात केलेला एक सायलेन्सरही अधिकाऱ्यासकट मागवून घेतला होता. मी पॅन्ट्रीत गेले. टंबलरांवर हात ठेवला.

त्याच आठवड्यात आमच्या धाकट्या सायंटिस्ट मलरनं मांडणीवर रबराची जाड चटई अंथरली होती. म्हणाली, "आयाम्मा, दर बाराला तुमचे टंबलर नाचतात, माझं डोकं उठतं." मी म्हटलं, छान. त्यापुढे विचार केला नाही.

पहिला बार सेल्वमच्या नळकांड्याचा. हाताला काही नाही. सार दारात.

"केट्टुदा?"

"इल्लै सार."

"काहीच नाही?"

"मुंगी चालल्याएवढंही नाही."

दुसरा बार कारखान्याच्या सायलेन्सरचा. पुन्हा काही नाही. आता इथे माझ्यातली शहाणी जागी झाली. दोन्ही वेळा नाही म्हटलं तर साहेबांना शंका येईल, असं मला वाटलं. म्हटलं, "आमा सार, थोडं आलं."

सार तिथेच स्टुलावर बसले. "हे उलटं कसं?" असं स्वतःशीच म्हणाले. आतलं यंत्र सांगत होतं की गावठीनं फारसं काही दाबलं नाही आणि कारखान्यातल्यानं बरंच दाबलं. म्हातारी बरोब्बर उलटं सांगते.

चहाला आत आलेला हवालदार ते ऐकून म्हणाला, "सार, त्या लेथवाल्याला जेलमध्ये कशाला सडवता? सैन्यात पाठवा."

सगळे हसले. मीही हसले. सार हसले नाहीत. म्हणाले, "यंत्र बार होतो तिथे असतं, माणूस पलीकडे असतो. भिंतीमुळे काही होत असेल. आयाम्मा चुकत नाहीत." आणि वहीत माझं उत्तर लिहिलं. खाली माझं नाव. "तुम्हाला कोर्टात यावं लागेल," म्हणाले. कोर्टात साक्ष, मी! कुठली साडी नेसायची इथपर्यंत मनात येऊन गेलं.

यंत्राच्या आकड्याची खात्री म्हणून ते आणखी एक बार काढणार होते, सेल्वमच्याच नळकांड्याचा. ते लावालावी करीत होते तोवर मी चटई धुवायला काढली, चहा सांडला होता. टंबलर उघड्या लोखंडावर ठेवले. आणि तिसरा बार झाला.

टंबलर माझ्या हाताखाली नाचले. एक तर खाली पडला.

या वेळी सारांनी विचारलं नाही. उत्तर त्यांच्याकडे होतंच. माझ्या दुसऱ्या हातात ओली चटई, समोर पडलेला टंबलर. मी काय केलं? टंबलर उचलला, धुतला, जागेवर ठेवला. आणि दोन दिवस गप्प बसले. हे लिहायला आवडत नाही. पण पुढचं सांगायचं तर हे आधी सांगायला हवं. मनात म्हणत होते, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली, सेल्वम माझा कोण? नळकांडं तर त्यानं केलंच ना?

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट टाइप होऊन आला आणि पार्सल शिवायला माझ्याकडे आलं. नळकांडं कापडात गुंडाळलं, शिवायला घेतलं. शिवून लाख लावली की संपलं. मग ते उघडायचा अधिकार माझाही नाही, सारांचाही नाही, फक्त कोर्टाचा. अर्ध्यापर्यंत शिवलं आणि उसवायला लागले.

सार जाता जाता थांबले. "काय झालं?"

"टाका चुकला."

"तुमचा टाका चुकला?" ते खुर्ची ओढून बसले. तेव्हाच त्यांना काहीतरी कळलं असावं.

मी म्हटलं, "सार, मला ऐकू येत नाही."

"कधीपासून?"

"तीन वर्षं झाली."

"मग इतकी वर्षं मला उत्तर कोण देत होतं?"

"टंबलर."

त्यांना वाटलं मी थट्टा करते. मी त्यांना पॅन्ट्रीत नेलं, मांडणी दाखवली, चटई दाखवली, हात कसा ठेवायची तेही दाखवलं. कारखान्याच्या सायलेन्सरला हो का म्हटलं, तेही सांगितलं. ते ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा लाल होत गेला. मग पाठ वळवून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बराच वेळ. मी वाट बघत राहिले. शेवटी वळले आणि ओरडले, "तीनदा म्हटलं, चहा कर!"

चहा केला. घोट घेऊन म्हणाले, "शिकलेली माणसं खोटं बोलतात ते मला पकडता येतं. तू कुठल्या कॉलेजात गेली होतीस?" नेहमी तुम्ही म्हणणारा माणूस तू वर आला होता. मी म्हटलं, "चौथीपर्यंत, सार." म्हणाले, "नशीब. पाचवीला गेली असतीस तर मला फासावर दिलं असतंस."

रिपोर्ट फाडला. चाचणी पुन्हा केली, या वेळी पॅन्ट्रीत मलर. सेल्वमच्या नळकांड्याचा बार झाला तशी ती दचकून बाहेर आली, "सार, नुसता कट्टाच झाडलात का?" आणखी दोन बारांत ते नळकांडं चिरलं आणि त्याचा तुकडा उडून पेटीच्या फळीत रुतला. सार बाजूला उभं राहून दोरीनं चाप ओढत होते म्हणून बरं. मग मी कापसातून गोळ्या काढून दिल्या. हात तर शाबूत होते. प्रत्येक गोळीच्या एका अंगाला लांबट घासल्याची खूण, नळकांडं वाकडं असल्याची. दलालाच्या अंगातून काढलेल्या गोळीवर तसली खूण नव्हती. म्हणजे ती गोळी या नळकांड्यातून गेलीच नव्हती. नवा रिपोर्ट तसा गेला. त्याबरोबरचं पार्सल मी शिवलं.

पण त्याआधी सारांनी मला समोर बसवून मागच्या तीन वर्षांच्या वह्या काढल्या. 'पलीकडच्या खोलीतील व्यक्तीस' असं जिथे जिथे लिहिलं होतं तिथे चिठ्ठी घातली. फार नव्हत्या. बहुतेक ठिकाणी दुसरे पुरावे भक्कम होते, माझ्या हो-नाहीवर काही अडलं नव्हतं. एका वहीत चिठ्ठी घालून ते बराच वेळ वाचत बसले. मग ती मिटून कपाटात न ठेवता स्वतःच्या बॅगेत ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी वरच्या साहेबांना पत्र लिहिलं एवढं मला माहीत आहे. त्या वहीतल्या माणसाचं काय झालं ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. अजूनही ते मनात येतं तेव्हा मी उठून काहीतरी काम काढते.

मला घरी बसवलं नाही. कानांची तपासणी झाली, कागद भरले, आणि मला पार्सलच्या खोलीत कायमचं बसवलं. सुईला आणि लाखेला कान लागत नाहीत. कानात घालायचं यंत्रही मिळालं. ते शिट्ट्या मारतं, म्हणून मी ते बहुतेक वेळा डब्यात ठेवते.

काही महिन्यांनी दुपारी फाटकावर माणूस आलाय असा निरोप आला. पातळसा, नखांत काळं तेल बसलेला, हातात मिठाईचा खोका. तोच सेल्वम. जामिनावर सुटला होता. खुनाचं कलम गेलं होतं, नळकांड्याचं लहान कलम चालू होतं, तिथे तो अजून ते कंप्रेसरचंच म्हणत होता. बायकोची जबानी पोलिसांनी पुन्हा घेतली होती म्हणे, ते त्यांचं ते बघतील. कुठल्या तरी आयाम्मानं शिवलेलं पार्सल उसवलं म्हणून आपण सुटलो, असं त्याला कुणी हवालदारानं सांगितलं होतं.

मी म्हटलं, "आभार मानू नकोस. माझ्यापायी तू आत जाणार होतास."

खोका मी घेतला नाही, घेता येत नाही. तो जाईना. खाली बघून काहीतरी पुटपुटत होता. यंत्र डब्यात. मी म्हटलं, "मोठ्यानं बोल बाबा. मला ऐकू येत नाही."

एवढं सरळ हे वाक्य मी परक्या माणसाला पहिल्यांदाच बोलले. फारसं जड गेलं नाही.

तो जवळ आला. "कोर्टात तुमचा रिपोर्ट वाचून दाखवला. सगळ्यांसमोर. वाकडं म्हणाले. निकामी म्हणाले. मला लेथ शिकवलेले उस्ताद बसले होते तिथे."

"मग? त्यामुळेच सुटलास ना?"

"पण आयाम्मा, गिऱ्हाइकानं पाइपच वाकडा आणून दिला होता!"

"काय?"

"पाइप वाकडा होता!" त्यानं तोंडाभोवती हात धरले आणि आख्ख्या फाटकाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "मला चांगला पाइप दिला असता तर मी एक नंबर सायलेन्सर करून दिला असता!"

फाटकावरचा हवालदार वहीतून मान वर काढून बघायला लागला. मी सेल्वमचा दंड धरला, त्याला रस्त्यापलीकडे बसस्टॉपपर्यंत ओढत नेलं आणि गिंडीच्या पहिल्या बसमध्ये कोंबलं.